उणे १९ म्हणजे नेमकं किती?

आपल्या तालुक्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवसांपासून एक स्क्रीनशॉट फिरतोय. जगाचा नकाशा, त्यात जिंतूरमधून निघालेल्या रंगीत रेषा, एक टोक इंडोनेशियात, एक थेट जपानात. खाली कुणीतरी लिहिलंय, "फक्त ५ वॅटवर जिंतूर ते जपान! आता पूर येवो नाहीतर टॉवर पडो, आपला तालुका जगाशी जोडलेला." त्याखाली टाळ्या, झेंडे, हार.

तो स्क्रीनशॉट माझ्याच टेबलावरचा आहे. शेजारचा अकरावीतला पोरगा संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसतो, त्यानं काढला आणि कौतुकानं टाकला. फोटो खरा आहे, रेषाही खऱ्या आहेत. पण त्यातून जो अर्थ काढला गेला त्यावर आता वर्गणी गोळा करायचं चाललंय, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर हार कुणाला नको असतात!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. टीव्ही दुरुस्त करून वापरायचे दिवस संपत आले तसा माझा हॅम रेडिओचा नाद वाढला. हॅम म्हणजे हौशी रेडिओ केंद्र. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो, स्वतःची कॉलसाइन मिळते, आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगभरातल्या परवानाधारकांशी बोलता येतं. परवाना नसताना बोलणं हा गुन्हा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण "काका, ऑनलाइन वॉकीटॉकी मागवू का" असं विचारणारे या चार दिवसांत तिघं भेटले.

ग्रुपवरचा प्रस्ताव असा: गावागावांतून पैसे जमवायचे, एक लांब पल्ल्याचा रेडिओ आणि लॅपटॉप घ्यायचा, आणि पुराच्या वेळी "काकांच्या सॉफ्टवेअरनं" निरोप पाठवायचे. हेतू चांगलाच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते आपण पाहिलंय. आपल्या उशाला येलदरीचं धरण, खाली पूर्णा. वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते, मग खिशातला दहा-वीस हजारांचा फोन नुसता टॉर्च म्हणून उरतो. तेव्हा मोबाइलशिवाय दुसरी काहीतरी सोय पाहिजे, यात वादच नाही. वाद आहे तो त्या नकाशावरून काय सिद्ध होतं याबद्दल.

जपानमधल्या केंद्रानं माझा संकेत ऐकला, तेव्हा त्यांच्या संगणकानं त्यापुढं एक आकडा लिहिला. उणे १९. पोरानं तेव्हाच विचारलं होतं, "काका, मायनस म्हंजी आवाजच न्हाई ना? मग आलं कसं?" प्रश्न अगदी नेमका आहे. सगळी भानगड याच प्रश्नात आहे.

हा आकडा म्हणजे संकेत आणि गोंगाट यांचं प्रमाण. गोंगाट म्हणजे रेडिओवर कुणीच बोलत नसताना जी खरखर येते ती. ती आकाशातून येते, ढगातल्या विजेतून येते, आणि आजकाल सगळ्यात जास्त येते ती घराघरातल्या चार्जर-बल्बांतून. प्रमाण डेसिबलमध्ये लिहितात. डेसिबल म्हणजे पटींचा हिशोब: ३ म्हणजे साधारण दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. उणे असेल तर तेवढ्या पटीनं कमी. तर उणे १९ चा सरळ अर्थ, माझा संकेत तिथल्या गोंगाटाच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढा होता.

मग ऐंशी पट मोठ्या गोंगाटातून तो निवडला कसा? इथं विचारायचं असतं की गोंगाट किती रुंदीत मोजला. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एक माप कायमचं ठरवून टाकलंय: गोंगाट २,५०० हर्ट्झ रुंदीत मोजायचा. हौशी रेडिओवर माणसाचा आवाज जायला साधारण तेवढी रुंदी लागते, म्हणून ते माप. पण मी ज्या पद्धतीनं संकेत पाठवला तिचं नाव एफटी-८, आणि तिचा एक संकेत जागा घेतो फक्त ५० हर्ट्झ. २,५०० ला ५० नं भागा. बरोबर ५०.

आता असं समजा की ५० गल्ल्यांचं गाव आहे. आठवडी बाजार भरलाय, सगळ्या गल्ल्यांत कालवा. एक माणूस एकाच गल्लीत उभा राहून हाक मारतोय. आपण त्याच्या आवाजाची तुलना त्याच्या गल्लीतल्या कालव्याशी न करता अख्ख्या गावाच्या कालव्याशी केली, तर तो बिचारा "गोंगाटाखाली" दिसणारच. ५० पट म्हणजे १७ डेसिबल. उणे १९ मध्ये हे १७ परत मिळवले की उरले उणे २. त्याच्या स्वतःच्या गल्लीत तो जवळजवळ कालव्याच्या बरोबरीला आहे.

अजून एक पायरी आहे. एफटी-८ एका वेळी आठ सुरांपैकी एकच सूर वाजवतं, आणि प्रत्येक सुराला ६.२५ हर्ट्झची जागा. म्हणजे गल्लीतही तो एकाच ओट्यावर उभा आहे. २,५०० मध्ये असे ओटे ४००. चारशे पट म्हणजे २६ डेसिबल. उणे १९ अधिक २६, म्हणजे अधिक ७. जिथं प्रत्यक्ष कान लावलेला असतो तिथं संकेत गोंगाटाच्या वरच आहे, पाचपट.

"गोंगाटाखालून संदेश बाहेर काढतं" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं. पण त्यातली बरीचशी जादू मापाच्या रुंदीत आहे. बाकीची आहे ती पुनरुक्तीत. एका संदेशात मूळ मजकूर फक्त ७७ बिटांचा. त्याला तपासणीचे आणि चूक दुरुस्तीचे बिट जोडून तो १७४ बिटांचा करतात, आणि १२.६४ सेकंद हळूहळू सोडतात. काही सूर बुडाले तरी उरलेल्यांवरून गणितानं पूर्ण संदेश पुन्हा उभा राहतो. तेवढ्यावर तो साधारण उणे २१ पर्यंत तग धरतो. त्याखाली मग एकदम काही नाही. आवाजावर बोलताना समोरचा हळूहळू अस्पष्ट होत जातो, अर्धं तरी कळतं. इथं एक तर सगळं येतं, नाहीतर काहीच येत नाही.

सवय असलेल्यांना हे जुनं आहे, पण ज्याच्याशी तुलना करतो ते न विचारता आकड्यावर भांडायची आपल्याकडं रीतच आहे. पिकाची पैसेवारी घ्या. ४८ आली की ५२, यावर गावं तापतात, कारण ५० ची रेघ महत्त्वाची. पण प्रमाण उत्पन्न कोणतं धरलं, पीककापणी कुठल्या रानात झाली, हे विचारणारा शंभरात एखादाच.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचा आपल्या भागाशी एक संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. जो टेलर हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ, स्वतः हॅम. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी १९७४ मध्ये अरेसिबोच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीनं एक जोडतारा शोधला, ज्यातला एक स्पंदक म्हणजे पल्सार होता. ते दोन तारे एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येत होते, आइन्स्टाइनच्या गणितानं गुरुत्वीय लहरींत जेवढी शक्ती जायला हवी अगदी तेवढ्याच हिशोबानं. गुरुत्वीय लहरी खरंच असतात याचा तो पहिला पुरावा, अप्रत्यक्ष का असेना. १९९३ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. पल्सारचे ठोके म्हणजे गोंगाटात पुरलेले संकेत. ते उपसून काढायचं तंत्र टेलरांनी २००१ पासून आम्हा हौशी लोकांसाठी सॉफ्टवेअरमध्ये आणायला सुरुवात केली. २००८ मध्ये व्हिस्पर आलं, त्याचं नावच कुजबुज. २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत एफटी-८.

आणि त्याच गुरुत्वीय लहरी थेट पकडणारी लायगो-इंडिया कुठं उभी राहतेय? आपल्या शेजारी, औंढा नागनाथजवळ. केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि काम एकच: रस्त्यावरचा ट्रक, जमिनीची थरथर, यंत्रांची स्वतःची कुरकुर, या सगळ्यांतून तो एक बारीक संकेत वेगळा करायचा. माझ्या टेबलावरचा आकडा आणि औंढ्याच्या माळावर होणारं मोजमाप हे एकाच घराण्यातलं आहे. हॅमच्या नकाशावर जगाचे चौकोन पाडलेले असतात. त्यात जिंतूर, परभणी, औंढा, हिंगोली, नांदेड, सगळे एकाच चौकोनात येतात, एमके८९. चौकोन एकच, भांडणं मात्र तीन जिल्ह्यांची. असो.

आता वर्गणीच्या मुद्द्याकडं. नकाशा बघून लोकांना वाटलं की जपानला पोचलं म्हणजे जपानशी बोलता येतं. येत नाही. रेडिओवर आवाजात नीट, पुन्हा पुन्हा न विचारता बोलायचं तर त्याच २,५०० हर्ट्झच्या मापात साधारण अधिक १० पाहिजे. कान तयार असेल, शब्द ओळखीचे असतील तर थोडं कमी चालेल. माझा आकडा होता उणे १९. मधला फरक २९ डेसिबल, म्हणजे जवळपास ८०० पट. ५ वॅटचे ८०० पट म्हणजे ४,००० वॅट. एवढी ताकद आपल्या परवान्यात मिळत नाही, आणि मिळाली तरी पुराच्या रात्री ती कुठल्या बॅटरीवर चालवणार? पिठाची गिरणी चालेल एवढी वीज झाली ती.

त्या रेषेवरून माझा संकेत तिथं पोचला एवढंच कळतं. संभाषण होईल का, याबद्दल ती काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा इथला नसतोच. तो जिथं ऐकलं तिथला असतो. अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा आकडा जसा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ठरतो, तुमच्या बांधावर नाही, तसंच. जपानमधल्या त्या माणसाचं घर शांत डोंगरात असेल, त्याच्याकडं गोंगाटच कमी असेल, तर माझा क्षीण संकेतही त्याला उणे १९ नं ऐकू जाईल. तोच संकेत, तेवढीच ताकद, पण शहरातल्या दहा मजली इमारतीत बसलेल्याला काहीच येणार नाही. नकाशावर ऐकलेल्यांच्या रेषा दिसतात. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांची रेषा काढतच नाहीत.

यातली एक गंमत मात्र फार कामाची आहे. दोन केंद्रं एकमेकांना आकडा देतात. जातायेताचा रस्ता जवळपास एकच, तेव्हा दोन आकड्यांतला फरक हा मुख्यतः दोघांच्या ताकदीचा आणि दोघांकडच्या गोंगाटाचा. मध्यंतरी इंडोनेशियातल्या एका केंद्राशी असंच झालं. ते ५० वॅटवर, मी ५ वर. म्हणजे ते मला १० डेसिबलनं जास्त ऐकू यायला हवेत. त्यांनी मला उणे १२ दिलं, तर मला ते उणे २ च्या आसपास दिसायला पाहिजेत. माझ्या स्क्रीनवर होते उणे ८. सहा डेसिबल कुठं गेले? सहा म्हणजे चौपट. माझ्या घरात त्यांच्यापेक्षा चौपट गोंगाट.

एका आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण आकाश मिनिटा-मिनिटाला बदलतं, पाच-सात डेसिबलचा चढउतार सहज होतो. म्हणून आठवडाभर, वेगवेगळ्या केंद्रांशी, जोड्या लिहून काढल्या. फरक साधारण तेवढाच, पाच ते सात. मग एक दिवस रेडिओ बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. खरखर एकदम बसली. पोरगा म्हणाला, "काका, कानात कापूस घातल्यावानी झालं." मग एकेक खटका वर करत गेलो. एक निघाला गोठ्यातला स्वस्तातला एलईडी बल्ब, दुसरा एका जुन्या फोनचा चार्जर, जो फोन नसतानाही पाटीत अडकवलेला होता. दोन्ही काढले. त्या रात्री माझा दुसऱ्यांना जाणारा आकडा तोच राहिला, पण मला दिसणारे आकडे पाच डेसिबलनं सुधारले. नवीन अँटेना नाही, नवीन रेडिओ नाही.

त्यानं मधेच विचारलं होतं की आवाज वाढवून बघू का. बघितला. संगणकाच्या पडद्यावर डावीकडं एक पारा असतो, कुणी बोलत नसताना तो ३० च्या आसपास ठेवायचा असतो. आवाज वाढवला की पारा चढतो, पण आकडा जागचा हलत नाही, कारण संकेत वाढला तेवढाच गोंगाटही वाढला. खूपच वाढवला तर उलट बिघडतं. शेजारच्या लहरीवर एखादं दांडगं केंद्र आलं तरी तसंच होतं, रेडिओ आपोआप आपले कान अर्धे मिटून घेतो आणि बारीक संकेत दबतात. तेव्हा आकडा पडला म्हणजे समोरचा अशक्त झाला, असं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या लहरीवर मी जपानला पोचलो ती २० मीटरची. ती वर आकाशात जाते, वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते, आणि खाली येते ती शेकडो-हजारो किलोमीटर लांब. मधला सगळा पट्टा ती वरून ओलांडून जाते. त्यामुळं जपान ऐकू येतं आणि परभणी येत नाही. खरंच येत नाही. इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असलेल्या आमच्या एका मित्राला त्या संध्याकाळी माझा एकही संदेश मिळाला नाही. पुरात अडकलेल्याला बोट जपानहून येणार आहे का परभणीहून?

जवळच्या अंतरासाठी वेगळं गणित आहे. ४० मीटरची लहर, आणि अँटेना मुद्दाम बुटका, जमिनीपासून पाच-सहा मीटरवर आडवा ताणलेला. संकेत सरळ वर जातो आणि छत्रीसारखा आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतो. दिवसा परभणी, हिंगोली, नांदेड, संभाजीनगर यात येतं. पण रात्री वरचा थर विरळ होतो, ४० मीटरची लहर परत न येता निघून जाते, आणि जवळची गावं पुन्हा गायब. तेव्हा ८० मीटरवर यावं लागतं, ज्याला अँटेना दुप्पट लांब लागतो. पूर तर बहुतेक रात्रीच येतो. दिवसाचे आकडे दाखवून रात्रीची हमी देता येत नाही.

आणि तालुक्याच्या आत, गाव ते तहसील, याला यातलं काहीच नको. दोन मीटरचे हातातले संच, एक उंचावरचा अँटेना, चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि परवाना असलेली माणसं. त्यात शेवटचं सगळ्यात दुर्मीळ.

एफटी-८ वर मोकळा मजकूर पाठवायचा तर एका वेळी १३ अक्षरं, तीही रोमन. "येलदरी खाली वस्तीत ७ जण अडकले २ आजारी" हे रोमनमध्ये मोकळ्या जागा धरून ४१ होतात. म्हणजे चार तुकडे. एक पाळी माझी, एक समोरच्याची, १५-१५ सेकंदांची, म्हणजे सगळं मिळून दोन मिनिटांच्या आसपास, तेही एकही तुकडा बुडाला नाही तर. आवाजावर हे सात सेकंदांचं काम, आणि समोरचा लगेच विचारू शकतो, "कोणती वस्ती? मुलं किती?" आता प्रामाणिकपणे बोलायचं तर दोन मिनिटं काही फार नाहीत. आवाज पोचतच नसेल आणि हाच एक मार्ग उरला असेल तर दोन मिनिटं सोन्याची. शेवटचा उपाय म्हणून ते जवळ असावं, मी स्वतः ठेवणार आहे.

पण त्यातही एक मेख आहे जी नकाशात दिसत नाही. दोन्हीकडची घड्याळं एक-दोन सेकंदांच्या आत जुळलेली लागतात, नाहीतर संदेश उलगडतच नाही. लॅपटॉपचं घड्याळ जुळतं इंटरनेटवरून. टॉवर पडला की इंटरनेट गेलं, आणि स्वस्तातल्या लॅपटॉपचं घड्याळ दोन-चार दिवसांत घसरतं. त्याला जीपीएसचा छोटा संच जोडला तर प्रश्न मिटतो, पण प्रस्तावात त्याचं नाव नाही. आणि तो नकाशा, ज्यावरून सगळं सुरू झालं, तोसुद्धा इंटरनेटवरूनच येतो.

ज्यांना वाटतं की मी हॅमलाच नावं ठेवतोय, त्यांना सांगतो, उलट आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली तेव्हा हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू योगायोगानं पोर्ट ब्लेअरला होता, आणि अंदमानातून कोण सुखरूप आहे याचे निरोप त्यांनी मुख्य भूमीवर पोचवले. ते निरोप आवाजात बोलून गेले, समोर ऐकणारी सराव केलेली माणसं होती म्हणून गेले. सराव हा शब्द तेवढा लक्षात घ्या.

म्हणून माझं म्हणणं वर्गणी थांबवा असं नाही. लांब पल्ल्याच्या रेडिओवर सगळे पैसे घालू नका, एवढंच. आधी चार-पाच जणांना परीक्षेला बसवा, अभ्यास मी घेतो, फी फार नाही. मग हातातले संच, बॅटऱ्या, एक सोलर पॅनल. त्यानंतर ४० आणि ८० मीटरचा एक साधा तारेचा अँटेना. लॅपटॉप शेवटी, आणि घेतला तर जीपीएससकट.

त्याआधी एक चाचणी करू. जिल्ह्यातल्या परवाना असलेल्या तीन-चार जणांशी माझं बोलणं झालंय. पहिली फेरी रविवारी दुपारी, जिंतूर, येलदरी आणि परभणीच्या मधे, फक्त आवाजावर. दुसरी त्याच रात्री पहाटे ३ वाजता, वीज बंद ठेवून, बॅटरीवर. प्रत्येक ठिकाणी एकानं वही धरायची: वेळ, कुठून कुठं, किती वॅट, कोणती लहर, आणि एक ठरलेलं वाक्य समोरच्यानं जसंच्या तसं परत वाचलं की नाही. एफटी-८ चे आकडेही लिहू, पण शेजारच्या वेगळ्या रकान्यात, आणि कुठल्या घरात कोणता दिवा चालू होता हेही.

ज्यांना यायचंय त्यांनी खाली कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. वही धरायला परवाना लागत नाही, फक्त पहाटे ३ ला जागं राहता आलं पाहिजे. येलदरीच्या बाजूला अजून एकही जण मिळालेला नाही.